आदल्या रात्रीची नवरी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

शाळेच्या नाटकासाठी तुला एक प्रवेश लिहायचाय. दोन घराण्यांचं राजकारण जुळावं म्हणून लग्न ठरलंय आणि आज त्याची आदली रात्र आहे. नवरीचा जीव दुसऱ्याच कुणावर जडलाय आणि पहाटेपर्यंत तिला प्रेम की कर्तव्य याचा निर्णय करायचाय. नवरी मराठी हवी म्हणून तू विचारलंस, "आपल्याकडे असंच व्हायचं ना?"

असं नाही व्हायचं गं. आधी वयाचं बघ. शिवाजी महाराज आणि सईबाईंचं लग्न १६४० साली पुण्याच्या लाल महालात झालं. महाराज दहा वर्षांचे, सईबाई त्यांच्याहून लहान. राजाराम महाराजांचं जानकीबाईंशी लग्न रायगडावर मार्च १६८० मध्ये झालं, तेही दहा वर्षांचेच. जानकीबाई सेनापती प्रतापराव गुजरांची मुलगी. प्रतापराव १६७४ मध्ये नेसरीला पडले होते. त्यांच्या लेकीला सून करून आणणं म्हणजे गेलेल्या सेनापतीच्या घराला राजघराण्याने आपलं म्हणणं होतं. या वयात 'दुसरा कुणी' कुठून येणार? जीव जडलेला असतो तो आईवर, पाठच्या भावावर, गोठ्यातल्या वासरावर. तुझ्या प्रवेशातली खरी ओढाताण माहेर आणि सासर यांच्यातली आहे. आदल्या रात्री ती मिटत नाही, तिथून ती सुरू होते.

मुलीला विचारायचे का? नाही विचारायचे, आणि ते झाकून सांगण्यात अर्थ नाही. ठरवायची ती वडीलधारी माणसं. मध्यस्थ स्थळ आणायचा, मग कुळी आणि देवक बघायचे. देवक म्हणजे त्या कुळाची पवित्र खूण, एखादं झाड, पान किंवा मोरपीस. दोन्हीकडचं देवक एकच निघालं तर बोलणी तिथेच थांबायची. जमलं की टिपणं, म्हणजे पत्रिका, जुळवायची, सुपारी फोडायची आणि 'याद' लिहायची. देण्याघेण्याचा हा कागद. हुंडा किती, मानपान कुणाकुणाचा, वस्त्रं-दागिने कोणते, कुठला खर्च कुणी करायचा, सगळं त्यात कलमवार. मोठ्या घरांत मुलीला चोळीबांगडीसाठी एखाद्या गावाचं उत्पन्न तोडून द्यायचे. सोयरीक बहुतेक वेळा नासते ती इथे. लुगडी-दागिने कागदावर येतात, पण ज्यासाठी लग्न केलं ते वतन, ती मदत, 'पुढे बघू' म्हणून शब्दावर राहते. शब्द देणारा गेला की त्याचा वारस तो पाळेलच असं नसतं.

म्हणून माझं ऐकशील तर तुझी नवरी शृंगारपूरची घे. १६६१ मध्ये महाराजांनी कोकणातलं शृंगारपूर घेतलं. तिथले राजे सुर्वे पळाले, पण त्यांचे कारभारी पिलाजी शिर्के यांना महाराजांनी जोडून घेतलं. कसं, तर साटंलोटं करून. पिलाजींची मुलगी संभाजीराजांना केली, त्याच येसूबाई, आणि महाराजांची मुलगी राजकुंवर पिलाजींच्या मुलाला, गणोजींना दिली. एक लेक आली, एक गेली. दोन्ही घरांकडे एकमेकांची मुलगी असली की कुणीही पटकन तलवार उपसणार नाही, असा हिशोब. बोलणं असं होतं की राजकुंवरला मुलगा झाला की दाभोळची देशमुखी त्याच्या नावे होईल. नवीन वतनं द्यायची नाहीत हे महाराजांचं धोरण, त्यामुळे हा शब्द लोंबकळत राहिला. पुढे गणोजींनी तो मागितला, संभाजीराजांनी नाकारला आणि शिर्के मोगलांना मिळाले.

आता येसूबाईंच्या जागी उभी राहून बघ. नवरा छत्रपती आणि सख्खा भाऊ शत्रूच्या छावणीत. ११ मार्च १६८९ ला संभाजीराजांना औरंगजेबाने मारलं. रायगडाला वेढा पडत होता, पोटचा शाहू सात वर्षांचाही नव्हता. सगळ्यांनी एकाच गडावर अडकू नये, दीर राजारामांनी बाहेर पडून राज्य चालवावं, असा निर्णय येसूबाईंनी घेतला आणि स्वतः मुलाला घेऊन मागे राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या. तिथून सुटून परत आल्या १७१९ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी. लहानपणी दुसऱ्यांनी ठरवलेलं लग्न त्यांनी मोठेपणी स्वतःचं कर्तव्य म्हणून उचललं. तू प्रेम की कर्तव्य म्हणतेस तो निर्णय त्यांच्या आयुष्यात आला तो या वेढ्यात. राजकुंवरचाही विचार कर. तिचा नवरा तिच्याच भावाच्या विरुद्ध गेला, आणि तिच्या मनात काय होतं हे सांगायला कुणी थांबलं नाही. मला तिचं फार वाईट वाटतं.

जिजाऊंचंही तेच. सिंदखेडचे जाधव आणि वेरूळचे भोसले यांची ही सोयरीक. निजामशहाच्या दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्यावरून दोन्ही घरांची माणसं आपसात भिडली. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी आणि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजी, दोघेही त्या दिवशी मारले गेले. अशा वेळी सुतक कुठल्या घराचं धरायचं? पुढे १६२९ मध्ये वडील लखुजीराव देवगिरीला निजामशहाच्या दरबारात दगा होऊन मारले गेले, तेव्हा जिजाऊंच्या पोटात शिवराय होते.

मोठेपणी दुसऱ्यावर जीव जडल्याची गोष्ट हवीच असेल तर ती पेशव्यांच्या घरात सापडते. बाजीराव आणि काशीबाई यांचं लग्न १७२० चं, काशीबाई चासच्या जोशी सावकारांची मुलगी, आणि त्या सावकारांचा पैसा पेशव्यांच्या कारभाराला लागत होता. मस्तानी पुढे बुंदेलखंडातून आली. पण पेशव्यांच्या घरच्यांनी तिला कैदेत ठेवलं आणि १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले. ते नाटक वेगळं आहे, या प्रवेशात मिसळू नकोस.

तर रंगमंचावर काय दाखवायचं? आदली रात्र सोड. मुहूर्ताआधीची शेवटची घटिका घे, तेव्हा नवरी जवळजवळ एकटी असते. गौरीहराशी बसलेली, अंगावर पिवळी अष्टपुत्री, समोर अन्नपूर्णेची छोटी मूर्ती. चिमूट चिमूट अक्षता वाहत ती पुटपुटते, "गौरी गौरी सौभाग्य दे, दारी येईल त्याला आयुष्य दे." दारी कोण येणार ते तिने ठरवलेलं नाही, तरी आयुष्य मागायचं ते त्याच्यासाठी. तुझ्या प्रवेशाचं पहिलं वाक्य मला तरी हेच दिसतं. तिला बोहल्यावर न्यायला येतो तो मामा, म्हणजे आईच्या माहेरचा माणूस. मग अंतरपाट, मंगलाष्टकं, आणि सासरी गेल्यावर ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिलेलं नवं नाव. येसूबाईंचं माहेरचं नाव जिऊबाई होतं असं सांगतात.

आणखी एक विधी तुला ठाऊक नसेल, ऐरणीदान, कुणी त्यालाच झाल म्हणतात. वेळूच्या पाटीत पेटते दिवे ठेवून ती पाटी सासूसासऱ्यांच्या आणि तिकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर एकेक करून धरतात आणि मुलीचे आईवडील म्हणतात, "अष्टवर्षा त्वियं कन्या पुत्रवत् पालिता मया । इदानीं तव पुत्राय दत्ता स्नेहेन पाल्यताम् ॥" आठ वर्षांची ही मुलगी मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, मायेने सांभाळा. संस्कृतात वंश म्हणजे वेळू आणि वंश म्हणजे कूळही, म्हणून ती पाटी वेळूची. ज्या लग्नात वतनं आणि किल्ले बोलत होते, तिथेही याचना केली जाते ती मायेची. हे म्हणताना बापाचा आवाज फुटतो, त्यामुळे या भागाला घाईने उरकू नका असं दिग्दर्शन करणाऱ्या बाईंना सांग.

मुलीबरोबर पाठराखीण जायची, सासरच्या पहिल्या दिवसांत सोबत म्हणून माहेरची एखादी बाई. सणाला न्यायला भाऊ यायचा, तो मुऱ्हाळी. पंचमी आली, दिवाळी आली आणि मुऱ्हाळी आला नाही, की दोन घरांत बिनसलंय हे मुलीला कुणी सांगावं लागत नसे. पाठराखीण तुझ्या प्रवेशात जरूर घे. नवरी बोलू शकत नाही ते ती बोलेल.

वेळ दाखवायला घड्याळ नको, घटिकापात्र ठेव. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती भरून बुडायला चोवीस मिनिटं लागतात, तीच घटिका. दिवसाच्या साठ. लग्नघरी गुरुजी सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून त्या मोजत बसायचे. भोकात कचरा अडकला की पात्र उशिरा बुडतं आणि मुहूर्त टळतो, भोक झिजून मोठं झालं की लवकर बुडतं. तुला चोवीस मिनिटं परवडणार नाहीत. पातळ तांब्याची, सपाट बुडाची वाटी घे, मधोमध आतून बाहेर बारीक खिळ्याने भोक पाड आणि बाहेर आलेली कड कानशीने घासून काढ, नाहीतर तिथे बुडबुडा अडून पाणी आत येत नाही. भोक बरोबर मध्ये नसेल तर वाटी कलते आणि अवेळी बुडते. आधी तीनदा वेळ लावून बघ आणि भोक थोडं थोडं मोठं करत चार मिनिटांवर आण. पाण्याचं घंगाळ उंच पाटावर, समईच्या उजेडात ठेव, म्हणजे मागच्या रांगेलाही दिसेल. पात्र बुडालं की मामाने नुसता हात पुढे करायचा, त्याला वाक्य देऊ नकोस.

याद कशी लिहायची त्याचा नमुना पुढच्या पत्रात पाठवते.

तुझी,
आई