वारंवारता वाढवली तर लाट जोरात पळते का?

प्रश्न : माझी पोरगी दहावीत हाय. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र तिला पाठ हाय, पण ती म्हणते का बाबा, मंग वारंवारता डबल केली तर वेगबी डबल व्हायला पायजे ना, सूत्रात तं तसंच दिसते. मी शेतकरी माणूस, तिला काय सांगू?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दादा, पोरीनं सूत्रातली नेमकी जागा पकडली आहे, तिला शाबासकी द्या. कापसाच्या बंड्या रस्त्यानं ओळीत चालल्या आहेत असं समजा, एकीपासून दुसरी 20 मीटरवर, अन तुमच्या धुऱ्यापुढून मिनिटाला 3 बंड्या जातात, म्हणजे वेग मिनिटाला 60 मीटर. आता त्याच बंड्या 10-10 मीटरवर घेतल्या तर मिनिटाला 6 जातील, पण बैल काही पळायला लागले नाहीत ना, 6 × 10 म्हणजे परत 60च. आवाजाचं तसंच आहे, दोन बंड्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी अन ठरावीक वेळात किती बंड्या गेल्या ती वारंवारता. वेग ठरवते ती हवा, वारंवारता ठरवतो आवाज काढणारा, अन तरंगलांबी या दोघांच्या हिशोबानं कमीजास्त होते. (तळ्यातल्या लाटांचं जरा वेगळं असते, तिथं लांबीप्रमाणं वेग बदलतो, ते सध्या राहू द्या.)

रात्री जागलीला वावरात असता तेव्हा गावातलं खंजिरी भजन ऐकू येते, त्यात खंजिरीची बारीक छनछन अन ढोलकीची जाड थाप दोन्ही सोबतच पोचतात, बारीक आवाज, म्हणजे जास्त वारंवारतेचा, जास्त जोरात पळत असता तर तुमच्यापर्यंत येता येता सगळा ताल विस्कटला असता.

आता गणित. 170 हर्ट्झचा आवाज, म्हणजे सेकंदाला 170 लाटा, तरंगलांबी 2 मीटर, वेग सेकंदाला 340 मीटर. पोरं चुकतात ती एककात, सेंटीमीटरचे मीटर अन किलोहर्ट्झचे हर्ट्झ आधी करून घ्यायला सांगा. आकाशवाणी नागपूर 585 किलोहर्ट्झवर लागते, म्हणजे 5,85,000 हर्ट्झ, रेडिओ लहरीचा वेग सेकंदाला 30 कोटी मीटर, भागून बघा, एकेक लाट जवळपास 513 मीटर लांब निघते!

अन आवाजाचा वेग बदलायचाच असेल तर हवा बदलावी लागते. 0 अंशाला तो 331 मीटर असतो, दर अंशाला अंदाजे 0.6 नं वाढतो, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 वर गेला का 358 च्या आसपास. तेव्हा तोच 170 हर्ट्झचा आवाज काढला तर तरंगलांबी किती, हे पोरीला काढू द्या, 2.1 मीटर यायला पाहिजे.