कागद नव्हते, मग अमेरिकेत केंटकीतल्या पहिल्या वसाहतकारांनी जमिनीवरचा हक्क सिद्ध कसा केला?

बहुतेक वेळा तोंडी साक्षीवर. आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघाली.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता. १७७९ च्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी १७७८ च्या आधी जो तिथे वर्षभर राहिला किंवा ज्याने मक्याचं पीक काढलं, त्याला ४०० एकर मिळायचे, शिवाय लगतचे १००० एकर विकत घेण्याचा पहिला मान. (शॉनी हे तिथले मूळ रहिवासी त्याच जंगलात शिकार करत आलेले. त्यांची साक्ष कुणी काढली नाही.) दावे ऐकायला चार जणांचं मंडळ गढी-गढीत जाऊन बसलं. पहिलाच दावा आयझॅक शेल्बीचा, आणि आधार काय, तर १७७६ सालचा मका! हाच पुढे केंटकीचा पहिला गव्हर्नर झाला.

सरकारने आधी मोजणी केलीच नव्हती. ज्याने त्याने आपापली करून घेतली, त्यामुळे दावे कौलांसारखे एकावर एक चढले. दाव्यात 'अमुक ओढ्याच्या काठी' एवढंच असायचं. मग कोर्टात खल व्हायचा तो यावर, की दावा लिहिला तेव्हा त्या ओढ्याचं हे नाव लोकांत रुळलं होतं का? ते सांगायला म्हाताऱ्या शिकाऱ्यांना बोलवायचे.

केंटकीचा नामांकित शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून, त्याची १७९६ ची जबानी अशीच. तो सांगतो, १७७० मध्ये आम्ही सहा जण रेड नदीवर तळ ठोकून होतो, करमणुकीला 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' होतं. एक दिवस अलेक्झांडर नीली तळावर परतला आणि म्हणाला, आज लुलबेग्रडला जाऊन आलो, दोन ब्रॉब्डिंगनॅग मारले! म्हणजे पुस्तकातले राक्षस आणि त्यांची राजधानी. तेव्हापासून तो ओढा लुलबेग्रड. शपथेवरच्या कागदात ही थट्टा अगदी गंभीरपणे उतरवलेली आहे. २६ वर्षांनंतरची आठवण, त्यामुळे बून पुस्तकाच्या नायकाला, लेम्युएल गलिव्हरला, सॅम्युएल करून टाकतो, आणि राजधानीचं नावही पुस्तकात लॉरब्रुलग्रुड आहे. पण ओढ्याच्या नावाचा साक्षीदार म्हणून त्याच्याहून चांगला माणूस कुठून आणणार?

स्वतःच्या जमिनी मात्र बूनला राखता आल्या नाहीत, सदोष नोंदी आणि दाव्यांपायी बऱ्याच हातच्या गेल्या. १७९८ मध्ये एका खटल्यात साक्षीला आला नाही म्हणून त्याच्यावर अटक वॉरंट निघालं. पुढच्या वर्षी तो मिसुरीला निघून गेला.