वळवाचा अलर्ट आला म्हणून पंप उचलू नका

प्रश्न (राजापूर, लांजा, देवगड भागातील आंबा बागायतदार): जिल्ह्याला वादळी पावसाचा यलो अलर्ट येतो, पण वाडीत थेंब पडत नाही. कधी काहीच कळत नाही आणि अर्ध्या तासात कलमे झोडपून निघतात. दुकानदार म्हणतो, अलर्ट दिसला की बुरशीनाशक मारून घ्या. काय करावे?

उत्तर: मारू नका. फवारा सुकायच्या आत सर आली की औषध जमिनीत आणि पैसे दुकानात. स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रावण) घातले म्हणून ओले औषध टिकत नाही.

आता अंदाजाचे. आदल्या दिवशीचा अलर्ट जिल्ह्यासाठी असतो आणि गडगडाटी ढगाचा पट्टा असतो जेमतेम काही किलोमीटरचा. तुमची वाडी सुटली म्हणून अंदाज चुकला असे नाही. त्यावर फक्त तयारी करा : तयार फळ सकाळीच उतरवा, बाग उघडी ठेवून बाजाराला जाऊ नका. खरा निर्णय हवामान विभागाच्या तीन तासांच्या तातडीच्या सूचनेवर घ्यायचा. त्यात वाऱ्याचा आकडा वाचा. ताशी 30-40 किमी आणि 50-60 किमी यांत फळगळ आणि फांदीमोड एवढा फरक आहे.

दुपारी एकनंतर दर अर्ध्या तासाने रडारचे चित्र पाहा. सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीने गोव्याचे पाहावे. घाटमाथ्यावर लाल ठिपका (जोरदार पावसाचा ढग) उठला आणि पुढच्या चित्रांत पश्चिमेला सरकला, की काढणी बंद. आकाशातही दिसते : पूर्वेला ऐरणीसारखा पसरलेला माथा, खारा वारा एकाएकी पडतो, मग पूर्वेकडून गार झोत. ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब विरतात, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते व जमिनीवर पसरते. म्हणून पावसाआधीच वारा झोडपतो. झोत लागल्यावर "एवढी फांदी उरकतो" म्हणणारा गडी झाडावर नको. विजेचा इशारा देणारे दामिनी अ‍ॅप ठेवा. वीज आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर झेला (फळ काढायची जाळीची काठी) टाकून घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. कलमाखाली आडोसा मुळीच नको.

घाबरून कोवळे फळ ओरबाडू नका. 80-85 टक्के तयार फळच नूतन झेल्याने, देठासह काढा. कोवळे फळ आडीत (पिकवायला रचलेल्या ढिगात) सुरकुतते, मग कोणीतरी कार्बाइडची पुडी देतो. फळ पिकवायला ती वापरण्यावर बंदी आहे.

पाऊस झाल्यावर झाड सुकू द्या. करप्यासाठी (पानाफळांवर काळे डाग पाडणारी बुरशी) कार्बेन्डाझिम 12 टक्के अधिक मॅन्कोझेब 63 टक्के हे मिश्रण 10 लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 16 ग्रॅम, तेही काढणीला लेबलवरचे दिवस शिल्लक असतील तरच. बुचाने मोजू नका. दुप्पट मात्रेने करपा दुप्पट वेगाने जात नाही, फळावर अंश मात्र राहतो. गळ थांबवण्याचे टॉनिक घेऊ नका. वाऱ्याने तुटलेला देठ टॉनिकने जुळत नाही. गळलेली फळे त्याच दिवशी गोळा करून पुरा, नाहीतर फळमाशी वाढते. हेक्टरी 4 रक्षक सापळे लावा.

विमा : गारपिटीचे जादा संरक्षण घेतले असेल तर 72 तासांत कळवा, फोटोसह. वाऱ्याची भरपाई महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते.

मोडलेली फांदी करवतीने साफ कापा आणि बोर्डोपेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, प्रत्येकी 5 लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत, मग एकत्र. त्याच दिवशी संपवा. तयार डबा विकत आणायची गरज नाही.