सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेवर एकामागे एक जोडलेल्या दोन बल्बांपैकी पहिला जास्त वीज खातो, म्हणून दुसरा मंद पेटतो, हे खरं आहे का?

नाही. दोन्ही बल्बांची अदलाबदल करून बघा. जो मंद होता तो मंदच राहील, आधी असो की नंतर.

मी बरीच वर्षं वायरिंगची कामं करतो. हाताखाली नवीन पोरगा आला की त्याला दोन जुने पिवळे बल्ब, एक 60 वॅटचा आणि एक 100 चा, सिरीजमध्ये लावून दाखवतो. बटण दाबायच्या आधी विचारतो, उजेड कुणाचा जास्त पडेल? बहुतेक सगळे शंभरचा म्हणतात. पेटतो मात्र साठचा. शंभरच्या आतली तार नुसती लालसर होते.

सिरीजमध्ये करंटला एकच वाट असते, त्यामुळे दोन्ही बल्बांतून तो सारखाच जातो, वाटेत कुठे संपत नाही. वाटले जातात ते व्होल्ट, आणि ज्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त त्याच्या वाट्याला जास्त. 230 व्होल्टच्या 60 वॅट बल्बचा रोध येतो सुमारे 882 ओहम, 100 वॅटचा 529. हिशेबाने साठच्याला 144 व्होल्ट मिळतात, शंभरच्याला 86. प्रत्यक्षात फरक याहून मोठा दिसतो, कारण टंगस्टनची तार कमी तापली की तिचा रोधही उतरतो. (एलईडी बल्बला हा हिशेब लागू नाही, त्यात करंट सांभाळणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर असतो.)

आता खरी काळजीची गोष्ट. दिवाळीच्या जुन्या माळेत 6 व्होल्टचे चाळीसेक बल्ब सिरीजमध्ये असतात. एकाची तार तुटली की सगळी माळ विझते. मग लोक प्लग तसाच ठेवून एकेक बल्ब उपसून बघतात, सहा व्होल्टचाच तर आहे म्हणून. पण वाट तुटली की करंट शून्य, बाकीच्या बल्बांवर एकही व्होल्ट पडत नाही, आणि अख्खे 230 त्या तुटलेल्या जागेच्या दोन टोकांत येऊन बसतात. तिथे बोटं लागली की आपणच सिरीजमधला पुढचा बल्ब होतो, आणि आपला रोध बाकी माळेच्या कितीतरी पट, म्हणून जवळपास सगळे व्होल्ट आपल्याच वाट्याला येतात.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर, जोडलेलं असेल तर माळेत फेज, म्हणजे शॉक देणारी जिवंत तार, तशीच जोडलेली राहते. आधी प्लग काढा, मगच माळेला हात लावा.