हुकूमशाही सरकारविरुद्ध विनोदी आंदोलनाचा खरंच उपयोग होतो का, की तो नुसता टाइमपास?

होतो. आणि 'टाइमपास' हे गंभीर आंदोलकांचं आवडतं दूषण आहे, म्हणून जरा सविस्तर.

पोलंडमधलं श्विदनिक घ्या. हेलिकॉप्टर कारखान्याचं गाव. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लागला आणि टीव्हीवरचे निवेदक चक्क गणवेशात बातम्या वाचू लागले. फेब्रुवारी १९८२ मध्ये लोकांनी एवढंच केलं: साडेसातचं बातमीपत्र लागलं की घराबाहेर पडून फेरफटका. कोणी टीव्ही खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवला, कोणी बाबागाडीत घालून फिरवला. अटक कुठल्या कलमाखाली करणार, बाबागाडी ढकलली म्हणून? सरकारने संचारबंदी रात्री १० वरून ७ वर आणली. लोक ५ च्या बातम्यांना फिरू लागले!

बाबागाडी लक्षात राहते, पण खरं काम केलं ते ठरलेल्या वेळेने. धाकाखाली शेजारी कोणत्या बाजूचा हे कळत नाही. बातम्यांच्या वेळी रस्त्यावर दिसला की कळतं. निषेधसभेला जो कधीच येणार नाही, तो फिरायला येतो. हे गंभीर मंडळींना पटत नाही, कारण फेरफटक्याला अध्यक्ष लागत नाही.

मुख्य पेच असा की पोलिसांनी कारवाई केली तरी हसं, नाही केली तरी हसं. सर्बियाच्या बेलग्रेडमध्ये ओत्पोर या तरुणांच्या सरकारविरोधी चळवळीतल्या पोरांनी भररस्त्यात पिंप ठेवलं, त्यावर तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविचचा चेहरा, शेजारी दांडका. नाणं टाका, एक हाणा. पोरं जवळच्या कॅफेत. पोलिसांना मालक सापडेना, शेवटी पिंपच उचलून नेलं. तो फोटो म्हणजेच आंदोलन. म्हणून कॅमेरा आधी जागेवर, आणि करणारे वस्तूपासून लांब.

फसतं कुठे? विनोद समजावून सांगावा लागला की मेला. तीच युक्ती तिसऱ्यांदा केली की पोलीस तयारीत असतात. आणि साध्या शिपायाची टिंगल करू नका, तोच उद्या आदेश पाळायचा की नाही ते ठरवणार आहे.

हो, एक राहिलं. हसून सरकार पडत नाही. बेलारूसमध्ये २०११ साली नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्यांची धरपकड झाली. एकच हात असलेल्या माणसालाही टाळ्यांबद्दल दंड झाला. जगभर हसं झालं, सरकार जागेवरच. ओत्पोरचं कोणी आत गेलं की बाकीचे ठाण्याबाहेर जमायचे. तेव्हा ठाण्याबाहेर कोण थांबणार आणि वकील कोण, हे ठरल्याशिवाय पिंप घराबाहेर काढू नका.