बाल्कनीसमोर पेट्रोल पंप आहे. हवेतले व्हीओसी (पेट्रोल, रंग वगैरेंतून सहज उडणारी सेंद्रिय रसायनं) मोजायला हातात धरायचा मीटर घेऊ का?

नका घेऊ. स्वस्तातल्या डबीत बहुधा मेटल ऑक्साइडचा सेन्सर असतो. सॅनिटायझर, अत्तर, नुकती रंगवलेली भिंत, सगळ्यांनाच तो दचकतो आणि 'टीव्हीओसी', म्हणजे सगळे व्हीओसी मिळून, असा आकडा दाखवतो. कशाचा, ते विचारू नका. पीआयडी (अतिनील दिव्याने वाफा मोजणारा मीटर) त्याहून बरा, पण त्यातही बेन्झिन, टोल्युइन, झायलिन या पेट्रोलमधल्या व्हीओसींची खिचडीच दिसते. बेन्झिनची वार्षिक मर्यादा 5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे जेमतेम दीड पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत दीड भाग). एवढं बारीक, तेही नावानिशी हवं असेल तर शोषक भरलेली नळी हवा ओढणाऱ्या छोट्या पंपाला लावायची आणि लॅबमध्ये ती तापवून जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र) चालवायची.

नळीचा विषय निघालाच आहे तर फील्ड ब्लँकबद्दल, म्हणजे नेण्या-आणण्यात नळीत बाहेरचं काही शिरलं का हे तपासायच्या कोऱ्या नळीबद्दल, बोलतोच. ही नळी साइटवर न्यायची, क्षणभर उघडून बंद करायची, हवा ओढायचा पंप न लावता परत आणायची. आमच्या साहेबांच्या मते हा नळी फुकट घालवायचा धंदा.

असंच एका पेट्रोल पंपाशेजारचं काम होतं. नळ्या ज्या गाडीतून गेल्या तिच्याच डिकीत जनरेटर आणि त्याच्या पेट्रोलचा कॅन. टोपणांचे पितळी नट पान्याने आवळायचे असतात, ते नुसते हाताने फिरवलेले. एका नळीवर तर कुणीतरी मार्करने नंबर घातलेला. अहो, मार्करच्या शाईत सॉल्व्हंट असतं आणि आपण शोधतोय तेच! मी साहेबांना न विचारता ब्लँक नळ्या त्यात घुसडल्या.

निकाल आले. नमुन्यांत बेन्झिन दणदणीत, साहेब खूश. पण ब्लँकमध्येही त्याच्या जवळपास निम्मं. साहेब म्हणाले, "वजा कर आणि पाठव." काय वजा करू? एका ब्लँकमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी. ब्लँक लहान आणि स्थिर असेल तर वजाबाकी चालते. इथे ज्या नळीचं टोपण जितकं सैल, तितकी डिकीतली हवा तिच्या पोटात. मी सही केली नाही.

शेवटी नमुने रद्द झाले. पुन्हा घेतले तेव्हा नळ्या हवाबंद डब्यात, वेगळ्या गाडीतून नेल्या. ब्लँक स्वच्छ आले, बेन्झिन बरंच उतरलं. साहेब अजूनही म्हणतात, त्या दिवशी वारा फिरला होता. फिरला असेल, पण ब्लँकला वारा लागतो कुठे?

तेव्हा कुणाकडूनही मोजून घ्या, रिपोर्टमध्ये ब्लँकचा रकाना वेगळा मागा. 'ब्लँक वजा करून' एवढंच लिहिलेलं असेल तर मूळ आकडे दाखवा म्हणावं. टोल्युइन आणि बेन्झिनचं गुणोत्तरही बघा. टोल्युइन दुप्पट-तिप्पट असेल तर बहुधा रहदारी नाहीतर पेट्रोल, त्याच्या कितीतरी पट असेल तर आसपास रंगकाम किंवा थिनरचा वापर शोधा.

आणि हो, एका दिवसाच्या नमुन्यावरून वर्षाची सरासरी कळत नाही. त्यासाठी हवा ओढायच्या पंपाशिवाय चालणारी पॅसिव्ह नळी दोन-दोन आठवडे, वेगवेगळ्या ऋतूंत लावावी लागते. फॉर्मल्डिहाइड हवं असेल तर यातलं काहीच कामाचं नाही, डीएनपीएच नावाचं रसायन भरलेलं कार्ट्रिज लागतं. पीआयडीला मी अगदीच मोडीत काढत नाही. गळती नेमकी कुठल्या जोडातून होतेय हे हुडकायला तोच लागतो, पण ते काम पेट्रोल पंपवाल्याचं.