सिंगापूरला चार दिवस जातोय, सोबत सत्तरीतले आई-बाबा आहेत. नॅशनल ऑर्किड गार्डन तिकीट काढून बघण्यासारखं आहे का, आणि किती वेळ ठेवावा?

जरूर काढा, आणि अडीच तास मोकळे ठेवा. ही बाग ज्या मोठ्या उद्यानाच्या आत आहे, ते बोटॅनिक गार्डन्स फुकट आहे. पैसे फक्त आतल्या ऑर्किड बागेचे, परदेशी प्रौढाला १५ सिंगापूर डॉलर. निघण्याआधी एकदा दर तपासून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत मेट्रो स्टेशनच्या नावाने होते. ‘बोटॅनिक गार्डन्स’ स्टेशन उद्यानाच्या पार उत्तर टोकाला आहे, तिथून ऑर्किड बाग वीस-पंचवीस मिनिटं चालत. नेपियर स्टेशन त्यापेक्षा जवळ. पण आई-बाबा सोबत आहेत, तर टॅक्सीने टायरसॉल गेटलाच उतरा. त्यांचे पाय आतल्या चढासाठी राखून ठेवा.

साडेआठला बाग उघडते, तेव्हाच पोचा. अकरानंतर ऊन डोक्यावर येतं, गुलाबी-जांभळी फुलं फोटोत पांढुरकी पडतात, आणि दुपारी विजांसकट पाऊस ही तिथली नेहमीची गोष्ट. महिना मात्र कुठलाही चालेल. विषुववृत्ताजवळची जागा, बाराही महिने काही ना काही फुललेलं असतं.

बहुतेक लोक पिवळ्या फुलांच्या कमानींखाली फोटो काढण्यात सकाळ घालवतात. कमानी सुंदरच आहेत, पण त्या परतताना बघा. आधी मिस्ट हाउस आणि कूल हाउस गाठा. मुद्दाम गार ठेवलेल्या कूल हाउसमध्ये डोंगरमाथ्यावरच्या ढगाळ जंगलातली ऑर्किडं आहेत, काहींची फुलं तांदळाच्या दाण्याएवढी. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या. तिथून बाहेर आलात की कॅमेऱ्याच्या लेन्सवर वाफ धरते, कारण काच गार आणि बाहेरची हवा दमट. पुसत बसू नका, पाचदहा मिनिटांत आपोआप जाते.

फुलांइतकीच मुळं बघा. सह्याद्रीत झाडावर लोंबणारी सीतेची वेणी पाहिली असेल, तर लगेच ओळख पटेल. कोरडं मूळ रुपेरी दिसतं. पाणी पडलं की वरचं स्पंजासारखं आवरण ते शोषून घेतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो.

सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘वांडा मिस जोआकिम’ चुकवू नका. ॲग्नेस जोआकिम यांच्या बागेतला हा संकर १८९३ मध्ये नोंदला गेला, आणि १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल ठरला. त्याची पानं पेन्सिलीसारखी गोल आणि उभी असतात. फुलाची खालची पाकळी, म्हणजे ओठ, पंख्यासारखी रुंद असते आणि मध्यभागी केशरी होत जाते. त्या केशरीवर बारीक गडद ठिपके असतात. याला भरपूर ऊन लागतं, शेंडा आधाराच्या काठीवर गेला की मगच ते नीट फुलतं. म्हणून सावलीतल्या वाफ्यांत शोधू नका. सिंगापूरला आलेल्या मान्यवर पाहुण्यांची नावं दिलेल्या ऑर्किडांचा भाग दहा मिनिटांत होतो.

एक कळकळीची विनंती, फुलाला बोट लावू नका. ओठाच्या वरच्या दांड्याच्या टोकाला परागांची बारीक टोपी असते. धक्क्याने ती निघाली की झाडाला परागण झाल्यासारखं वाटतं, आणि आठवडेच्या आठवडे टिकणारं फूल दोन-चार दिवसांत मान टाकतं.